आत्याचं गोंदण आणि ‘नवरी’ सेटिंग

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते म्हटलं की लोक म्हणतात, बरंय की, घरबसल्या लग्नं बघायची. या म्हणावं एकदा. दुसऱ्यांची लग्नं इतकी बघितलीत मी, की आता आमंत्रण आलं तरी नको वाटतं. जेवायला बसले तरी नजर जिलबीवर नसते. कॅमेरावाला कुठं उभा आहे आणि त्याच्या मागं हॅलोजन कुणी लावलाय, तिकडंच असते.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागच्या आळीत आमचं घर. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर, आणि जुन्या लाडवांच्या डब्यात हार्ड डिस्का. शिरूरचा एक फोटोग्राफर मला कामं देतो. पोरगा गुणाचा आहे, पण घाईचा. लग्नसराईत एकाच मुहूर्तावर त्याची माणसं शिरूर, यवत, कुरकुंभ अशी पांगतात आणि सगळ्यांचं शूटिंग शेवटी माझ्या दारात येऊन पडतं. एक लग्न म्हणजे एक प्रोजेक्ट, आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या आपापल्या सेटिंग. रंग किती गडद, आवाज किती मोठा, चेहरा किती गुळगुळीत, हे सगळं त्यात ठरवून ठेवायचं. तसं केलं नाही तर सकाळी शिरूरच्या लग्नात बदललेलं संध्याकाळी दौंडच्या लग्नात निस्तरत बसावं लागतं.

मला या सेटिंगांचं पहिल्यापासून कुतूहल. कुणाला काय हवं असतं आणि ते का हवं असतं, याचा मी उगाच छडा लावत बसते. शिरूरकडच्या मंडळींना बँड छातीत धडकला पाहिजे, मग मंगलाष्टका ऐकू नाही आल्या तरी चालतात. कॉलनीतल्या रिटायरमेंटच्या समारंभात गाडीची शिट्टी मध्ये आली तर ती काढायची नाही, उलट थोडी वाढवायची. बौद्ध लग्नांत पांढरं पांढरंच दिसलं पाहिजे. माझी ‘हळद’ नावाची एक सेटिंग आहे, ती चुकून तिथं लागली की पांढऱ्या साड्या सायीसारख्या पिवळट दिसायला लागतात. एका मुलीच्या वडिलांनी मला अगदी शांतपणे विचारलं होतं, “ताई, आमचं पांढरं तुम्ही कशापायी रंगवलं?” त्यांचं खरंच होतं. त्या लग्नांसाठी मी ‘शुभ्र’ नावाची वेगळी सेटिंग केली.

एक सेटिंग मात्र सगळीकडं सारखी. तिचं नाव ‘नवरी’. ती चेहरा उजळवते, डाग घालवते, सुरकुत्या पुसते. ती कुणी बनवली देव जाणे. शिरूरच्या पोराला कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिली, त्यानं मला दिली, आणि आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांना ती लागत असणार. नाव ‘नवरी’, पण लागते अख्ख्या वऱ्हाडाला. नवरदेवाला, भटजीला, आचाऱ्याला, घोड्यावर बसलेल्या लहान पोराला. घोडा तेवढा सुटतो.

मागच्या उन्हाळ्यात यवतजवळच्या एका वस्तीवरचं लग्न माझ्याकडं आलं होतं. एडिट करून दिलं, विसरूनही गेले. दिवाळी झाल्यावर नवरीच्या भावाचा फोन आला. कुरकुंभला केमिकल कंपनीत कामाला आहे तो, पहिली पाळी सुटली की फोन करायचा.

“मॅडम, आमच्या आत्याचा एक फोटो पायजे व्हता. व्हिडिओतनं काढून.”

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं तसं वर्षाच्या आत माहेरी परत आली, ती कायमची. मूलबाळ नाही. गुऱ्हाळावर राबली, भावाचा संसार उभा केला, आणि घरात शब्द तिचाच चालायचा. दिवाळीत तिला लकवा मारला. जीव वाचला, पण डावीकडचं तोंड ओघळलं. आता ती म्हणत होती, माझा फोटो तयार करून ठेवा. आपल्याकडं माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो ऐनवेळी शोधायला लागतो आणि मग आधार कार्डावरचा भेदरलेला चेहराच मोठा करून लावतात. आत्याला ते नको होतं. आणि वाकड्या तोंडाचा नवा फोटोही नको होता. लग्नात ती हिरवं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसली होती, तो तिला पाहिजे होता.

असली मागणी मला नवीन नाही. मी तो क्षण शोधला, मोठा केला, साफ केला, पाठवून दिला. फोटो देखणा झाला होता, मला स्वतःलाच आवडला.

दुसऱ्या दिवशी परत फोन. “मॅडम, आत्या म्हणती, ही मी न्हाई.”

“म्हणजे? दुसऱ्या कुणाचा गेला का?”

“न्हाई, तिचाच हाय. पर ती म्हणती, माझं गोंदण कुठं हाय?”

खरं सांगते, मी आधी वैतागले. मनात म्हटलं, घ्या, आता ह्यांचं गोंदण शोधा. पण फोन ठेवल्यावर राहवेना. प्रोजेक्ट उघडला, आत्याचा चेहरा पडदाभर मोठा केला. कपाळ लख्ख. हनुवटी लख्ख. सत्तरीच्या बाईच्या चेहऱ्यावर एक डाग नाही, एक रेघ नाही. नुसता कणकेचा गोळा.

म्हटलं, ही ‘नवरी’ची करामत. ती बंद केली की काम झालं. माझ्या सगळ्या प्रोजेक्टांसाठी ‘नवरी’ची एकच फाइल एका फोल्डरात ठेवलेली होती, सगळे तिथूनच तिला उचलायचे. मी उत्साहाच्या भरात त्या फाइलमध्येच चेहऱ्याचं सगळं शून्यावर आणलं. आत्याचा चेहरा थोडा सावळा झाला, थोडा खरा वाटला. पण गोंदण काही आलं नाही.

आता आली का पंचाईत. मी ‘हळद’ काढली, आवाज सोडून जे जे लावलं होतं ते सगळं एकेक करून उतरवलं. खाली कॅमेऱ्यानं टिपलेलं मूळ चित्र उरलं, आणि त्यातही कपाळ कोरंच. म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी ते पुसलं होतं. मला हे फार म्हणजे फारच नवलाचं वाटलं. चहा गार झाला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ तळाला लागली.

तेवढ्यात शिरूरच्या पोराचा फोन. ‘नवरी’ बदलल्यावर मधल्या वेळात मी दुसऱ्या दोन लग्नांचे व्हिडिओ पक्के करून त्याला पाठवले होते.

“ताई, काय केलं तुम्ही? दोन्ही नवऱ्या काळ्या झाल्यात.”

“काळ्या झाल्या नाहीत. आहेत तशा दिसतायत.”

“आहेत तशा कुणी मागितल्या होत्या?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोल्डरातली एक फाइल बदलली होती, म्हणजे तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या लग्नांच्या नवऱ्या एका झटक्यात उघड्या पडल्या होत्या. त्याला कसंबसं गप्प केलं. आणि लगोलग ‘नवरी’ पहिल्यासारखी करून प्रत्येक प्रोजेक्टला तिची स्वतंत्र प्रत दिली, गावाच्या आणि घराच्या नावानं. आता एका घरात दिवा मालवला की दुसऱ्या घरात अंधार होत नाही. हे आधीच करायला हवं होतं, पण कामाच्या रगाड्यात कोण करतंय.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला फोन लावला. “अरे, तुझ्या कॅमेऱ्यात चेहऱ्याची काही सेटिंग आहे का?”

“स्किन सॉफ्ट? ती कायम चालू असती ताई. सगळ्या कॅमेऱ्यांत. मी एका कॅमेऱ्यातल्या सेटिंग कार्डावर घेतो आन् बाकीच्यांत टाकतो, म्हंजी पोरं घोळ घालत न्हाईत.”

“बंद कधी केलीस?”

“कशाला बंद करायची?” त्याला प्रश्नच कळला नाही.

म्हणजे कॅमेरा पुसतो, वरून मी पुसते. दोघांनाही पत्ता नाही की दुसरा पुसतोय. मला आता खोडच लागली. डब्यातल्या जुन्या डिस्का काढल्या आणि एकेक लग्न उघडून फक्त म्हाताऱ्या बाया बघत बसले. शिरूर, यवत, दौंड, कुरकुंभ. नवरीच्या मागं उभ्या असलेल्या, अक्षता टाकणाऱ्या, खुर्चीत पेंगणाऱ्या. ह्यांच्यातल्या कितीजणींच्या कपाळावर हिरवी तुळस असेल, हनुवटीवर ठिपके असतील. जिचं तोंड नीट समोर दिसतं अशा एकीच्याही चेहऱ्यावर काही नाही. हातांवर मात्र आहे. मनगटावर नावं, दंडावर फुलं, सगळं जसंच्या तसं, कारण कॅमेऱ्याला चेहरा तेवढा साफ करायचा असतो. आणि एवढ्या लग्नांत एकाही घरानं तक्रार केली नव्हती. लग्नाच्या व्हिडिओत म्हातारीचं तोंड कोण बघतंय.

मला त्याचा राग आला. कुणाचा आला ते मात्र नीट सांगता यायचं नाही.

मग मला वाटलं, एवढं काय त्यात, गोंदण काढून देऊ. चित्रावर हिरवे ठिपके ठेवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. आत्याच्या भाच्याला फोन करून विचारलं, कसं आहे तिचं गोंदण?

“कपाळावर तीन ठिपके,” तो म्हणाला. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, “तीन कुठं, पाच हायती.” मग फोन त्याच्या वडिलांकडं गेला, म्हणजे आत्याच्या सख्ख्या भावाकडं. ते म्हणाले, “हाय काहीतरी. तुळशीगत हाय. हनवटीला काय न्हाई बहुतेक.”

तिघं एका घरात राहतात आणि रोज तिच्या हातचा चहा पीत आले. मी म्हटलं, राहू द्या, मीच येते.

दौंडहून यवतला पॅसेंजरनं गेले, लॅपटॉप पिशवीत. भाचा मोटारसायकल घेऊन स्टेशनवर आला होता. घर हायवेपासून आत, पुढं पत्र्याची शेड. आत्या दारात खाटेवर बसली होती, डावा हात मांडीवर ठेवलेला. मला पाहताच म्हणाली, “तूच का ती, तोंड पुसणारी?”

शब्द उच्चारताना तिची जीभ अडत होती, पण सूर काही अडला नव्हता.

“मी एकटीनं नाही पुसलं, मावशी. कॅमेऱ्यानं आधी पुसलं.”

“कुणी का पुसंना. रडले न्हाई म्हून पुरं झालंय ते.”

मग तिनं सांगितलं. लहान होती तेव्हा वस्तीवर गोंदणारीण आली होती. हिच्याआधी ज्या पोरीला बसवलं ती रडून पळाली, आणि तिच्या कपाळावर अर्धीच तुळस राहिली ती जन्मभर. ते बघून ही खाली जमिनीला घट्ट धरून बसली. सुयांनी टोचून घेतलं आणि हूं का चूं केलं नाही. “आय म्हनाली, दागिनं हितंच राहत्यात. लुगडं हितंच राहतंय. गोंदण तेवढं संगं येतंय.”

मी तिच्या तोंडाजवळ वाकून पाहिलं. कपाळावर भुवयांच्या मधोमध लहानशी तुळस, दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. हनुवटीवर तीन ठिपके, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले. रंग उतरून राखाडी हिरवा झालेला. तोंड डावीकडं ओघळल्यामुळं हनुवटीचे ठिपके जरा तिरपे झाले होते. मागं उभे असलेले भाच्याचे वडीलही वाकून बघायला लागले, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे.

“मावशी, मी हे असंच्या असं फोटोवर काढून देते. कुणाला कळणार नाही.”

ती सावकाश म्हणाली, “तू काढलेलं तुझं. माझं कसं व्हईल? टोचल्याबिगर गोंदण असतंय व्हय?”

मी म्हटलं, “फोटोच तर आहे, मावशी.”

“मला मरायचं भ्या न्हाई, पोरी. पर माझ्यामागं लेक न्हाई, लेकरू न्हाई. एक फोटोच ऱ्हाणार. आन् तितं दुसरीच बाई बसवायची, आन् ह्यांनी सणावाराला तिलाच निवद दावायचा? मग मी कुठं जायाचं?”

भाचा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहिला.

मी लॅपटॉप उघडला. काय शोधायचं ते मलाही माहीत नव्हतं, पण हात हलवल्याशिवाय मला विचार करता येत नाही. लग्नाचं सगळं शूटिंग, कापून टाकलेलं सुद्धा, मी पहिल्यापासून लावलं, कुठलीही सेटिंग न लावता. आत्या बघू लागली. स्टेजवरची आत्या, कोरी. औक्षण करणारी आत्या, कोरी. खाटेवरची आत्या दर वेळी पडद्यावरून नजर काढायची आणि मी पुढं सरकायचे.

आणि मग पंगत आली. हे मी लग्नाच्या व्हिडिओतून कापलं होतं, कारण त्यात भांडण होतं. वाढप्यानं कडेला बसलेल्या मजुरांच्या पंगतीला बुंदी न वाढताच बादली पुढं नेली होती आणि आत्यानं त्याला धरलं होतं. पदर कमरेला खोचलेला, एक हात बादलीच्या कडीवर, तोंड उघडं, एका बाजूनं दिसणारं. मी चित्र थांबवलं.

कपाळावर तुळस होती. तिरपी दिसत होती, पण होती. हनुवटीवर ठिपके होते. सुरकुत्या होत्या, दातांमधली फट होती, घाम होता.

मी व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं-मागं करून पाहिला. तोंड कॅमेऱ्याकडं वळलं की गोंदण विरघळायचं, एका बाजूला वळलं की परत उमटायचं. तेव्हा कुठं मला ते कोडं सुटलं आणि मी लहान पोरासारखी हरखले. कॅमेऱ्याला समोरचं तोंड तेवढं तोंड म्हणून ओळखू येतं. दोन डोळे, नाक, ओठ सरळ दिसले की तो कामाला लागतो. ही भांडायला वळली, त्याला वाटलं, इथं चेहराच नाही, आणि त्यानं हात लावला नाही.

मी हे आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजी फोटुला बसले का मी जाती, आन् कामाला लागले का ऱ्हाती.”

“तसंच म्हणायचं.”

“मग ह्योच काढ.”

भाचा पुढं आला. “आत्या, अगं ह्यात तू वाढप्याला शिव्या देतीयास. तोंड बघ केवढं उघडं हाय. हिरव्या लुगड्यातला खुर्चीवरचा कसला भारी हाय.”

“ती कोण बाई हाय मला ठाव न्हाई.”

“लोकं हसतील गं. दहाव्याला पाव्हणं येणार, भिंतीकडं बघणार आन् हसणार.”

आत्यानं उजवा हात उचलला आणि पडद्यावरच्या हनुवटीला बोट लावलं. काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला. तिच्या ओघळलेल्या तोंडाची चांगली बाजू हसली.

“हसू दे की,” ती म्हणाली. “वळखून हसतील.”